वजन उतरवायचंय? आधी महिन्याचं तेल मोजा

सोमवारपासून भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, पहाटे पाचला उठून तासभर चालणं. हा बेत साधारण दुसऱ्या शनिवारी मोडतो आणि मग माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. खरं तर चूक बेतातच असते. एका दिवसात सगळंच बदललं की नेमका कशाने फरक पडला ते कळत नाही, भूक तेवढी वाढते. त्यातून घरच्या चौघांचा स्वयंपाक एक आणि आपला वेगळा, हे फार दिवस चालत नाही. डाएट जिला करायचं तिलाच दोन्ही स्वयंपाक करायचे असतील तर मुळीच नाही.

पुढची पद्धत पहिल्या आठ आठवड्यांसाठी आहे. स्वयंपाक घरचाच, पोळी-भाजी-वरण-भात तेच. बदलायचं आहे ते माप, आणि मोजल्याशिवाय माप बदलता येत नाही.

आधी हे तपासा

आपल्याकडे त्याच वजनाला शरीरात चरबी जास्त असते, विशेषतः पोटावर. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. इंटरनेटवरच्या बऱ्याच तक्त्यांतले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लावू नका. हिशेब सोपा आहे: मीटरमधल्या उंचीला त्याच उंचीने गुणा, आलेल्या आकड्याने वजनाला भागा. १६० सेंमी उंचीच्या माणसाला ५९ किलोच्या पुढचं वजन जादा आणि ६४ च्या पुढे लठ्ठपणा; १७० सेंमीला हेच आकडे साडेसहासष्ट आणि ७२ असे येतात. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी. हातपाय बारीक पण पोट सुटलेलं, अशी ठेवण आपल्याकडे फार दिसते. अशांनी बीएमआय सोडून कंबरेचा आकडा धरावा.

पहिलं उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या ५ टक्के ठेवा. ८० किलो असेल तर चार किलो. ऐकायला थोडं वाटतं, पण एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइडमध्ये (रक्तातल्या चरबीत) फरक दिसू लागतो. लग्नातलं वजन परत आणायचा विचार सध्या बाजूला ठेवा.

काहींनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवणाला हात लावू नये. इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असलेले मधुमेही यांत पहिले. जेवण कमी आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वजन उतरू लागल्यावर तिचा डोस जास्त होऊ शकतो. उठताना चक्कर येणं ही त्याची खूण. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, १८ वर्षांखालची मुलं, आणि पूर्वी खाणं सोडून देण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास झालेली माणसं यांच्यासाठी हा लेख नाही.

इतरांनी एकदा टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) या तपासण्या करून घ्याव्यात. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. ते कमी असलं की थकवा येतो आणि सगळा दोष डाएटवर ढकलला जातो.

काटा आणि टेप

दोन काटे लागतात. एक माणसाचा, एक स्वयंपाकघरातला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलो क्षमतेचा घ्यावा. महाग नसतो, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

माणसाचा काटा सतरंजीवर किंवा डोअरमॅटवर ठेवू नका, फरशीवर ठेवा, आणि त्याची जागा बदलू नका. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, हलक्या कपड्यांत वजन करा. रोज केलंत तर रोजचा आकडा मनावर घेऊ नका, सात दिवसांची सरासरी काढून तीच मागच्या आठवड्याशी ताडून बघा. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, बाहेर चायनीज खाल्लं, की दुसऱ्या दिवशी काटा अर्धा-एक किलो वर दिसतो. ते पाणी असतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही तसंच होतं, त्यामुळे बायकांनी या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडावा. आकडा बघून दिवस खराब होत असेल तर आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं राहा.

कंबर पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजायची नसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

पहिला आठवडा: काहीच कमी करू नका

हा आठवडा सगळ्यांना वगळावासा वाटतो, पण पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे. नेहमीसारखं जेवा आणि लिहून ठेवा. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार नीट लिहिलात तरी भागेल. लिहायचं खाल्ल्यावर लगेच, रात्री आठवून नाही. रात्री आठवतात ती जेवणं. मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, भाजी चाखताना घेतलेले दोन चमचे, दुधावरची साय, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, भिशीतला सामोसा, येताजाता डब्यातून काढलेली चिमूटभर शेव, यांतलं काही आठवत नाही.

त्याच आठवड्यात घरातलं माप ठरवा. रोजच्या वाटीत शिजलेला भात किती ग्रॅम मावतो, पोळीच्या एका गोळ्यात पीठ किती जातं, तेलाच्या डब्यातली पळी किती मिलीची आहे, हे एकदा मोजून फ्रिजवर कागद चिकटवा. पळ्यांचा आकार घराघरांत इतका वेगळा असतो की ‘दोन पळ्या तेल’ म्हणजे कुठे २० मिली, तर कुठे ६०.

मग तेल. एकेका भाजीतलं तेल मोजत बसू नका, महिन्याचा हिशेब करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो असं धरा. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे ४५५० ग्रॅम. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी रोजचं ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे रोजच्या ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूप, दाण्याचं कूट आणि खोबरं यांत आलेलंच नाही. तळून उरलेलं तेल फेकत असाल तर तेवढं वजा करा. (पाकिटावर लिहिलेली किलोकॅलरी आणि बोलण्यातली कॅलरी एकच.)

चारशे कॅलरी कुठून काढायच्या

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ४०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला २८००, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या वर. दोन महिन्यांत तीन किलोच्या आसपास. यापेक्षा खूप जास्त वेगाच्या जाहिराती दिसतील. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतातही, पण त्यात बहुतेक पाणीच असतं: शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, आणि साठा रिकामा झाला की ते लघवीवाटे जातं. वेग पुढेही आठवड्याला दीड किलोच्या वर ठेवला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि चरबीसोबत स्नायूही झडतात.

दुसऱ्या आठवड्यापासून तीनच गोष्टींना हात लावा. घरचं तेल पाच लिटरवरून तीनवर आणा. माणशी रोजचं २३ ग्रॅम होतं आणि १३५ कॅलरी वाचतात, त्याही घरातल्या सगळ्यांच्या. तीन लिटर तेल महिन्याच्या सुरुवातीला कॅनमध्ये भरून वर तारीख लिहा. पंधरा तारखेला निम्मा संपलेला दिसला तर ठीक. दहालाच निम्मा झाला असेल तर पोळीला लावायचं तेल बघा, बहुतेक तिथेच गेलेलं असतं.

दुसरा चहा. अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या चहात सुमारे ९० कॅलरी असतात. दिवसाला चार कप घेणाऱ्याने साखर अर्ध्या चमच्यावर आणली तर १२० वाचतात. एकदम नको, दर पाच दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. साखरेऐवजी गूळ घातल्याने काही साधत नाही. १०० ग्रॅम साखरेत ४००, गुळात ३८०. फुल क्रीम दुधाऐवजी गाईचं किंवा टोन्ड दूध घेतलं तर आणखी थोडं सुटतं.

तिसरं, पोह्यांवरची शेव आणि चार वाजताचं फरसाण. एका मुठीत ३० ग्रॅम येतं, त्यात १६० कॅलरी.

बेरीज करा: १३५, १२० आणि १६०, मिळून ४१५. अजून पोळी कमी केलेली नाही, भात कमी केलेला नाही. तुमच्या वहीत हे तीन चोर नसतील, दुसरे असतील. कुणाचं रात्री टीव्हीसमोरचं चिवड्याचं पातेलं असतं, कुणाचं शनिवार-रविवारचं दारू आणि चखणं. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या घरांत बहुधा चहासोबतची खारी आणि टोस्ट निघतात. डायजेस्टिव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत साध्या ग्लुकोज बिस्किटांइतक्याच कॅलरी असतात, कधी थोड्या जास्तच. पाकिटाच्या मागे ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना वाचा, पुढचं चित्र नाही.

कमी तेलात फोडणी

कमी तेलाची भाजी बेचव लागते, कारण बहुतेक जण तेल कमी करून पद्धत तीच ठेवतात. पसरट कढईत दोन चमचे तेल टाकलं तर ते पातळ पसरतं, मोहरी तडतडायच्या आधीच हळद जळते. फोडणी लहान कढल्यात करा, नाहीतर कढई एका बाजूला कलती धरून तेल कडेला जमवा. चौघांच्या भाजीला चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली तेल पुरतं. तेल नीट तापल्यावर मोहरी, ती तडतडली की जिरं, मग आच बंद करून हिंग-हळद. कांदा-आलं-लसूण परतताना चिकटू लागलं तर तेल ओतू नका, एक चमचा पाण्याचा हबका मारा आणि खरवडून घ्या. मग भाजी घाला, झाकण ठेवा आणि झाकणावर पाणी. ही जुनीच पद्धत आहे. वाफ आत परत पडते, भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते आणि परतायला तेल लागत नाही.

काही भाज्यांचं असं जमत नाही. वांगी तेल पितात. काप तळण्याऐवजी भरीत करा, फोडणी वरून द्या. भेंडी कमी तेलात चिकट होते. ती धुऊन पूर्ण कोरडी करा, मोठी चिरा, झाकण ठेवू नका, दोन आमसुलं घाला, मीठ शेवटी. बटाट्याच्या काचऱ्या महिन्यातून एकदा नीट तेलात करा आणि मजेत खा. अर्धवट तेलातल्या काचऱ्या कुणालाच आवडत नाहीत, आणि मग डाएटच नको होतं.

घडीच्या पोळीला घडीत आणि वरून मिळून एक छोटा चमचा तेल गेलं तर प्रत्येक पोळीमागे ४० कॅलरी वाढतात. दिवसाला पाच पोळ्या, २०० कॅलरी. फुलके करायला हरकत नाही, पण डब्यात ते वातड होतात ही तक्रार खरी आहे. कणीक कोमट पाण्यात थोडी सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, फुलका तव्यावरून काढला की गरम असतानाच सुती फडक्यात गुंडाळा. डब्यापुरत्या पोळ्यांना घडीत बोटभर तेल चालेल, वरून नको.

कोकणी आणि गोव्याच्या स्वयंपाकात तेलापेक्षा खोबऱ्याकडे लक्ष हवं. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी असतात. कालवणात चौघांना अख्ख्या नारळाचं वाटण असेल तर ते अर्ध्यावर आणा आणि दाटपणासाठी भाजलेला कांदा वाढवा. मासे रव्यात तळण्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस बांगड्याचं तिखलं करा.

ताटात डाळ वाढवा

मराठी ताटातली खरी उणीव प्रथिनांची आहे. साधं वरण इतकं पातळ असतं की वाटीभर वरणात १५ ते २० ग्रॅमच डाळ येते, म्हणजे चार ग्रॅम प्रथिनं. त्यावर भाताचा मोठा ढीग. दोन तासांत पुन्हा भूक लागते ती यामुळे.

प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर एक ते १.२ ग्रॅमकडे न्यावं, आणि किलो धरायचे ते निरोगी वजनाचे. साठ किलोच्या हिशेबाने ६० ते ७० ग्रॅम. शाकाहारी घरात हे असं जमतं: सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी आणि वाटीभर दही, १५ ग्रॅम. दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि दोन फुलके, १६. चार वाजता मूठभर फुटाणे, सहा. रात्री ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी आणि एक भाकरी, २६. दिवसभरात एक पेला दूध, सहा. जवळपास ७० झाले. सोया वड्या नको असतील तर ५० ग्रॅम पनीर घ्या, फक्त प्रथिनं चार ग्रॅमने कमी आणि कॅलरी जास्त. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये किंवा माशात २० च्या आसपास.

कडधान्य एकदम वाढवलं की पोट फुगतं. पहिल्या आठवड्यात दिवसाआड, मग रोज. रात्रभर भिजवून ते पाणी फेका, मोड आणा, आणि उसळीत हिंग-ओवा विसरू नका. राजमा-छोल्यांपेक्षा मूग आणि मटकी सोसतात.

वाढायचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर किंवा भाजी आणि उसळ ताटात घ्या, मग पोळी, भात शेवटी. निम्मं ताट भाज्यांचं असावं, त्यात बटाटा धरायचा नाही. कोशिंबिरीत दाण्याचं कूट चमचाभरच: एका मोठ्या चमच्यात ५० कॅलरी आहेत.

भात सोडायचा का?

नाही. १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि १०० ग्रॅम ज्वारी यांत कॅलरी जवळपास सारख्या, साडेतीनशेच्या आतबाहेर. फरक पडतो तो किती खाल्लं जातं यात. भात मऊ, पटकन उतरतो, आणि ‘आमटी उरली म्हणून थोडा भात, भात उरला म्हणून थोडी आमटी’ असं होत राहतं. ज्वारीची भाकरी चावायला वेळ लागतो, तिला तेल लागत नाही आणि तंतू जास्त असतात. पण थापलेली भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी, दोन फुलक्यांना भारी. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाऊन वजन वाढल्याची तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. हिशेब एवढाच: एका जेवणात दोन फुलके किंवा एक भाकरी, आणि एक सपाट वाटी भात. डोंगर केलेली वाटी म्हणजे दीड वाटी.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेली, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं खा सांगणारे आहेत. दोन्हींनी वजन उतरलेली माणसं दिसतात, कारण दोन्हींत मधलं चरणं थांबतं. तुमची शिफ्ट, पित्ताचा त्रास आणि गोळ्यांच्या वेळा यांना जे बसेल ते घ्या. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने मात्र दोन जेवणांची पद्धत डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

लिंबू-मध-कोमट पाणी, जिऱ्याचं पाणी, पोटाचा पट्टा, यांनी चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मधात साठ कॅलरी मात्र असतात.

उपास, पंगत, फराळ

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आकड्यांतही खरी निघते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. ८० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट आणि तीन चमचे तुपाच्या खिचडीत साडेपाचशेच्या वर कॅलरी होतात, आणि प्रथिनं येतात ती दाण्यांची तेवढी. उपास मोडायची गरज नाही. वाटीभर वरईचा भात, ताक आणि काकडीची कोशिंबीर, किंवा उकडलेलं रताळं आणि दही, किंवा दुधात राजगिऱ्याच्या लाह्या. उपासाचा चिवडा आणि वेफर्स दुकानातच राहू देत.

लग्नाच्या पंगतीत किंवा बुफेत ताट उचलण्याआधी एक फेरी मारून या. दोनच पदार्थ ठरवा जे घरी मिळत नाहीत. गोड एकच. गणपतीत उकडीचा मोदक आकारानुसार दीडशे कॅलरींच्या आसपास, वरचं तूप वेगळं. दोन खा, त्या वेळचा भात सोडा. दिवाळीत फराळ चहासोबत नको, जेवणाच्या जागी धरा: एक करंजी, एक चकली, वाटीभर चिवडा, आणि मग फक्त ताक. डबे हॉलमधल्या टेबलावर ठेवू नका.

चालणं आणि ताकद

अर्धा तास भराभर चालून ७० किलोचा माणूस १२० ते १४० कॅलरी जाळतो. एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. म्हणून चालून आल्यावर कोपऱ्यावर नाश्ता करायचा बेत असेल तर हिशेब उलटा बसतो. तरीही चालायचंच, कारण साखर, रक्तदाब, झोप आणि पुढे वजन टिकणं, हे चालण्यावर बरंच अवलंबून असतं.

फोनवर सध्याची पावलं बघा. तीन हजार असतील तर पहिल्या पंधरवड्यात चार हजार, मग पाच. दहा हजारांवर उडी मारली की टाच किंवा गुडघा धरतो आणि महिना वाया जातो. दुपारी आणि रात्री जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाललात तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत न्यायचं, असा वेग की बोलता येईल पण गाता येणार नाही. बूट घालून चाला, चपलेत नको.

आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या. जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस दहा वेळा. भिंतीला हात टेकून दंड दहा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं बारा. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घेऊन वाकून कोपर मागे खेचणं, प्रत्येक हाताने दहा. एकदा झालं की दोन मिनिटं थांबून पुन्हा एक फेरी. शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात. सहज होत असतील तर पिशवीत पीठ भरून वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या आणि जिने उतरणं टाळा, चढणं त्यामानाने सोसतं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठा.

काटा अडला तर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबतो. दोन आठवड्यांची सरासरी आणि कंबर दोन्ही हलत नसतील तरच अडला म्हणा. कंबर कमी होत असेल तर थांबा, काही बदलू नका. खरंच अडला असेल तर जेवण आणखी कापायच्या आधी पुन्हा तीन दिवस लिहा आणि तेलाचा कॅन तपासा. पळी हळूहळू मोठी होत जाते, वाटीचा डोंगर परत येतो. बऱ्याचदा सोमवार ते शुक्रवार वाचवलेल्या दोन हजार कॅलरी शनिवार-रविवारच्या दोन हॉटेलांत भरून निघालेल्या असतात.

बद्धकोष्ठ होतं, कारण एकूण खाणं आणि तेल दोन्ही घटलेलं असतं. पाणी वाढवा, पेरू किंवा पपई खा, आणि ताटातली भाजी खरंच निम्मी आहे का ते बघा. पित्त खवळतं ते उपाशीपोटी दोन चहा घेतल्याने. चहाआधी काहीतरी खा. केस गळायला लागतात दोन-तीन महिन्यांनी. वजन फार वेगाने उतरलं, किंवा प्रथिनं आणि लोह कमी पडलं, की असं होतं. वेग कमी करा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. रात्री पाच तासच झोप होत असेल तर दुसऱ्या दिवशी गोड खायची इच्छा वाढते. अशा वेळी नवीन नियम लावण्यापेक्षा मोबाइल तासभर आधी ठेवून झोपा.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या मधुमेहावरच्या औषधांची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात वजनासाठीही मिळू लागली आहेत. काम करतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नकोत. त्यांनी भूक इतकी मरते की प्रथिनं आणि व्यायाम सांभाळला नाही तर स्नायूही जातात, आणि बंद केल्यावर वजन बऱ्याच जणांचं परत येतं.

आठ आठवड्यांनी दोन-तीन किलो उतरले असतील तर चौथी गोष्ट हातात घ्या: रात्रीचं जेवण साडेआठच्या आत, किंवा एक पोळी कमी, यांतलं एकच. वही नीट लिहिली, तेल तीन लिटरवर आलं, चालणं चालू आहे, आणि तरीही काटा आणि टेप दोन्ही जागेवरच असतील तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस येत असतील तर पीसीओएसबद्दल (बीजाशय आणि हार्मोनच्या बिघाडाबद्दल) विचारा. स्टिरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या आणि फिटच्या काही गोळ्या वजन वाढवतात. त्या स्वतः बंद करू नका, पण चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.